धार एका अंशाची

बाजारातून नवी सुरी आणली. पाते चकचकीत, मूठ हाताला छान बसणारी. वर्तमानपत्राच्या कागदावर धार पाहिली, तर कागद सर्रकन फाटला. पण घरी लाल भोपळा चिरायला घेतला आणि सुरी काही सरळ खाली उतरेना. वरून अगदी नीट ठेवलेले पाते खाली जाता जाता डावीकडे सरकते, आणि फोड एका बाजूला जाड तर दुसऱ्या बाजूला पातळ पडते. गृहिणीला वाटते, आज आपलाच हात वाकडा चालतो आहे. हात बिचारा सरळच असतो. वाकडे असतात ते सुरीचे दोन गाल.

कुठलीही सुरी टोकाच्या बाजूने डोळ्यांसमोर धरून पाहावी. पाठीकडे जाड असलेले पाते दोन्ही बाजूंनी उतरत उतरत धारेपाशी एका रेषेत मिळते. हे दोन उतार म्हणजेच सुरीचे गाल. दोन्ही सारखे असतील, तर भोपळ्याचा गर दोन्ही बाजूंनी सारखाच दाबला जातो आणि सुरी सरळ जाते. उजवा उतार अधिक तिरपा आणि डावा जवळजवळ सपाट असेल, तर उजव्या बाजूचा दाब पात्याला डावीकडे ढकलत राहतो. काकडी, टोमॅटोच्या बाबतीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. भोपळा, सुरण, कोबीचा गड्डा असे जाडजूड काही चिरताना मात्र सुरीचे खरे रूप उघडे पडते.

जपानच्या साकाई गावातल्या मासे कापण्याच्या सुऱ्या मुद्दामच एका बाजूने उतरत्या आणि दुसऱ्या बाजूने सपाट, किंबहुना किंचित खोलगट केलेल्या असतात. कच्च्या माशाचा कागदासारखा पातळ काप काढायला तोच आकार सोयीचा पडतो, आणि सुरी वळणार हे तिथला आचारी धरूनच चालतो. पण ती गोष्ट वेगळी. घरोघरी वापरायच्या सुरीचे दोन्ही गाल सारखेच हवेत. हे सारखेपण साधायचे कसे, या एकाच प्रश्नापायी हाताने सुऱ्या बनवणाऱ्या कारागिरांनी वर्षानुवर्षे डोकेफोड केली आहे.

एक छंद आणि एक यंत्र

हौसेने सुऱ्या बनवणारी माणसे जगभर आहेत. अमेरिकेत तर हा छंद चांगलाच रुजला आहे. तिथे १९७६ मध्ये बिल मोरान आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी पाती घडवणाऱ्या लोहारांची 'अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी' स्थापन केली. या संस्थेची परीक्षा मोठी गमतीची आहे. उमेदवाराने स्वतः घडवलेल्या पात्याने हवेत लोंबकळणारा एक इंच जाडीचा दोर एका फटक्यात कापायचा. मग दोन जाड लाकडी फळ्या त्याच पात्याने तोडायच्या. एवढे झाल्यावर पात्याची धार अशी शिल्लक हवी, की हातावरचे केस भादरता आले पाहिजेत. शेवटी ते पाते व्हाइसमध्ये धरून ९० अंशांत वाकवायचे आणि ते तुटता कामा नये. २०१५ पासून 'फोर्ज्ड इन फायर' नावाची दूरचित्रवाणी मालिका आली आणि ठिणग्या उडवणारी यंत्रे घराघरांत दिसू लागली. तेव्हापासून आपल्याकडेही काही तरुण आणि काही निवृत्त अभियंते गॅरेजच्या कोपऱ्यात हा उद्योग मांडून बसलेले आढळतात. ट्रकच्या जुन्या कमानीचा पाटा भंगारातून आणायचा आणि त्याची सुरी करायची. खेड्यातला लोहार कोयता किंवा विळा करायला हेच पोलाद कितीतरी वर्षे वापरत आला आहे. तेव्हा छंद नवा असला, तरी पोलाद ओळखीचेच आहे.

या छंदातले मुख्य यंत्र म्हणजे बेल्ट ग्राइंडर. शिवणयंत्राच्या पट्ट्यासारखाच, पण काचकागदाचा, एक अखंड पट्टा दोन-तीन चाकांवरून फिरत असतो. सुऱ्या बनवणाऱ्यांत सर्वांत रूढ माप आहे २ इंच रुंद आणि ७२ इंच लांब. मिनिटाला २८०० फेरे घेणाऱ्या मोटारीवर १०० मिलिमीटर व्यासाचे चाक बसवले, तर हा पट्टा मिनिटाला जवळजवळ ८८० मीटर धावतो. म्हणजे तासाला ५३ किलोमीटर, शहरातल्या स्कूटरपेक्षा जलद! पट्ट्याच्या मागे एक सपाट पोलादी पाटी उभी असते. पाते तिच्यावर दाबले की ठिणग्यांचा फवारा उडतो आणि पोलाद झिजू लागते. पाटीवर घासलेला उतार सपाट येतो, चाकावर घासलेला आतून खोलगट येतो आणि नुसत्या सैल पट्ट्यावर घासलेला किंचित फुगीर येतो. खोलगट उताराची धार पातळ पण नाजूक, फुगीर उताराची राकट. स्वयंपाकघराला सपाट उतार बहुधा पुरतो.

सुरुवात ३६ किंवा ६० नंबरच्या खरखरीत पट्ट्याने होते. मग १२०, २२०, ४०० असे करत पट्टे बारीक होत जातात. आधीच्या पट्ट्याचे ओरखडे पुढच्या पट्ट्याने पूर्ण निघेपर्यंत पुढे जायचे नाही, हा नियम. उतावळेपणाने तो मोडला, की शेवटी आरशासारख्या पात्यावर ६० नंबरचा एकच लांब ओरखडा दात विचकत उभा राहतो आणि पुन्हा मागे जावे लागते.

गणित शाळेतलेच

आता खरी अडचण कुठे आहे ते पाहू. समजा, पोलादाची पट्टी ४ मिलिमीटर जाड आहे. धारेपाशी अर्धा मिलिमीटर जाडी तूर्त शिल्लक ठेवायची आहे, कारण पाते भट्टीत तापवल्यावर फारच पातळ धार वेडीवाकडी होते किंवा जळते. म्हणजे काढायचे राहिले साडेतीन मिलिमीटर. ते दोन्ही गालांत वाटले, तर प्रत्येक बाजूने पावणेदोन. उताराची उंची २० मिलिमीटर हवी असेल, तर दहावीच्या त्रिकोणमितीने कोन येतो बरोबर ५ अंश.

पाच अंश म्हणजे किती? घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात ६ अंश सरकतो. एका मिनिटापेक्षाही कमी!

आता हाताने पाते धरणाऱ्याची एका बाजूला एका अंशाने चूक झाली आणि कोन ६ अंशांचा झाला असे धरू. तेवढेच पोलाद काढले, तर उताराची रेघ २० मिलिमीटरऐवजी साडेसोळा मिलिमीटरच्या आसपास येते. दुसऱ्या बाजूला हात उलटा कलला आणि कोन ४ अंशांचा झाला, तर हीच रेघ २५ मिलिमीटरवर चढते. म्हणजे एका गालावरची रेघ दुसऱ्या गालावरच्या रेघेपेक्षा ८ मिलिमीटर वर! बोटभर रुंदीच्या पात्यावर हे आंधळ्यालाही दिसेल. मनगट एका अंशाने हलले हे ते हलवणाऱ्याला कळतसुद्धा नाही. पोलाद मात्र त्याची नोंद ठेवते. शिवाय शिंप्याच्या हातून कापड थोडे जास्त कापले गेले तर कुठे तरी पट्टी जोडता येते, इथे गेलेले पोलाद गेलेच. एक बाजू जास्त घासली गेली की दुसरी तिच्या बरोबरीला आणायची, मग ती जास्त होते म्हणून पुन्हा पहिली. दोन मांजरे आणि लोण्याचा गोळा वाटून देणारे माकड यांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. नवशिक्याच्या हातून ४ मिलिमीटर जाडीची सुरी याच रीतीने अखेर पत्र्याची होते.

आणि हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. कार्बनचे पोलाद साधारण ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडवतात, यालाच आपला लोहार 'पाणी पाजणे' म्हणतो. त्या क्षणी पात्याचा एक गाल पातळ आणि दुसरा जाड असेल, तर दोन्ही सारख्या वेगाने थंड होत नाहीत, आणि सुरी केळ्यासारखी वाकून बाहेर येते. दोन दिवसांची मेहनत तेलाच्या डब्यात चार-पाच सेकंदांत वाया जाते. गाल सारखे ठेवण्याची धडपड आहे ती यासाठी.

जिग म्हणजे तरी काय?

ज्याला स्वतःच्या मनगटाचा भरवसा नाही, त्याने ते मनगटाचे काम लोखंडाकडे सोपवावे. जिगची कल्पना एवढीच आहे. ग्राइंडरच्या पट्ट्यासमोर एक सपाट टेबल बसवतात. त्यावर डावी-उजवीकडे सरकणारा एक जड लोखंडी ठोकळा किंवा अँगलचा तुकडा असतो. त्याला बिजागरीने एक पाटी जोडलेली असते आणि पाटीवर क्लँपने पाते आवळून बसवतात. पाटीच्या मागे एक बोल्ट असतो. तो फिरवला की पाटी पुढे कलते आणि तिच्याबरोबर पातेही.

घरच्या घरी जिग बनवणारे इथे एक छान युक्ती करतात. ६ मिलिमीटरच्या साध्या बोल्टच्या आट्यांमधले अंतर १ मिलिमीटर असते. तो बोल्ट बिजागरीच्या मध्यापासून ५७ मिलिमीटर अंतरावर बसवला, तर बोल्टचा एक पूर्ण फेरा म्हणजे जवळजवळ नेमका एक अंश. ना कोनमापक, ना महागडे साधन. अर्धा फेरा दिला, अर्धा अंश झाला.

काम सुरू करण्यापूर्वी धारेच्या कडेवर मधली रेघ आखून घ्यावी लागते. तिच्यासाठीही अशीच सोपी रीत आहे. पट्टी ४ मिलिमीटर जाड असेल, तर ४ मिलिमीटरचेच ड्रिल घ्यायचे. दोन्ही एका सपाट पृष्ठभागावर आडवे ठेवले, की ड्रिलचे टोक आपोआप पट्टीच्या जाडीच्या मध्यावर येते. कडेवर रंग फासून त्या टोकाने ओरखडा काढायचा, पट्टी उलटी करून पुन्हा एकदा काढायचा. दोन ओरखडे एकावर एक आले तर उत्तम. नाही आले तर मध्य त्या दोघांच्या मधोमध आहे हे समजते. पुढे सगळे काम या रेघेच्या साक्षीने चालते. उजवा उतार रेघेपाशी येऊन थांबला पाहिजे, डावाही.

मग पात्याच्या गालावर मार्करने काळा रंग द्यायचा आणि जिग टेबलावर सरकवत पट्ट्याला अगदी हलका स्पर्श करायचा. रंग फक्त धारेपाशी निघाला, तर कोन जास्त आहे. वरती पाठीकडे निघाला, तर कोन कमी आहे. बोल्टला थोडा पीळ द्यायचा आणि पुन्हा पाहायचे. मनासारखे झाले की घासायला सुरुवात. चार-सहा फेऱ्या एका बाजूने, मग पाते काढून उलटे लावायचे आणि तेवढ्याच फेऱ्या दुसऱ्या बाजूने. एक गाल पूर्ण करून मगच दुसऱ्याकडे वळणे ही हौशी माणसाची नेहमीची चूक. तसे केले की मधली रेघ केव्हाच ओलांडली जाते.

पात्याची अदलाबदल करताना फडके हाताशी लागते. क्लँपची पकड ३० मिलिमीटर रुंद असेल आणि तिच्याखाली मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा एक कण अडकला, तर पाते सुमारे एक पंचमांश अंशाने कलते. वर सांगितलेल्या मापात उताराची रेघ त्यामुळे पाऊण मिलिमीटर सरकते. ग्राइंडरच्या आसपास तर अशा कणांचा पाऊसच पडत असतो. काही जण क्लँपऐवजी चुंबक लावतात. पाते झटकन बसते, झटकन निघते. पण लोखंडाची भुकटीही त्याच चुंबकाला झटकन बसते आणि निघता निघत नाही. त्यामुळे चुंबकाची जिग जितकी सोयीची, तितकीच दर वेळी पुसत बसायला लावणारी.

जिगला न जमणारे काम

इथपर्यंत ऐकून कुणालाही वाटेल, की जिग बसवली म्हणजे सुरी झालीच. तसे नाही. चकलीचा सोऱ्या कितीही चांगला असला तरी भाजणी नीट भिजली नसेल तर चकली तुटतेच.

पात्याचा सरळ भाग जिग झकास करते. पण सुरीचे टोक जवळ आले की धार वर वळू लागते. जिगने धरलेला कोन मात्र तसाच सरळ पुढे जात असतो. वळलेली धार पाठीच्या जवळ सरकलेली असल्यामुळे तिथे पोलाद कमी निघते आणि टोकाशी सुरी जाडच राहते. अशा सुरीने कांदा उभा चिरता येतो, पण टोक खुपसून वांग्याचा देठ काढता येत नाही. यावर उपाय एकच. टोकाशी येताच मूठ हळूहळू वळवत न्यायची, म्हणजे वळणारी धार पट्ट्याशी समांतर राहील. हे वळवणे हातानेच करावे लागते. काही जिगांत त्यासाठी फिरती खीळ ठेवलेली असते, तरी ती किती आणि केव्हा फिरवायची हे सांगणारा कुणी नसतो.

दुसरी गोष्ट दाबाची. जिग कोन धरते, पण हात कुठे जास्त रेटतो यावर तिचा काही ताबा नाही. मुठीजवळ माणूस स्वाभाविकपणे जास्त रेटतो. उतार जिथे सुरू होतो तिथे दोन्ही गालांवर एक उभी रेघ पडते. ती दोन्ही बाजूंना समोरासमोर आली की पाहणारा म्हणतो, 'वा!' एक मिलिमीटर मागेपुढे झाली की सगळी सुरी तिरळी दिसते. जाणते लोक तिथे क्लँपला एक कडक पोलादी अडसर लावतात. पट्टा त्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही.

जुने हात जिगला नावे ठेवतात. जिग वापरणाऱ्याला पोलादाची भाषा कधी कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. पाते पट्ट्याला सपाट लागले म्हणजे आवाज एकसारखा येतो, कडेवर लागले म्हणजे तो चिरकतो आणि हे ऐकायला शिकल्याशिवाय कारागीर होत नाही. त्यात तथ्य आहे. अशी माणसे दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवून, हात न हलवता कमरेतून डुलत पाते फिरवतात, म्हणजे स्वतःच्या शरीराचीच जिग करतात. पण हा वाद थोडासा पोकळही आहे. पट्टी लावून रेघ मारणाऱ्या मुलाला चित्रकला येत नाही असे कुणी म्हणत नाही. ज्याला महिन्यातून एखादी सुरी करायची आहे, त्याने दहा सुऱ्या वाया घालवून हात बसवण्यापेक्षा पहिल्या पाच जिगवर कराव्यात आणि टोक हाताने वळवावे. हात हळूहळू त्यातूनच तयार होतो.

निळा रंग

पाणी पाजलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा साधारण २०० अंश सेल्सिअसवर तास-दोन तास तापवतात. घरातली केक करायची भट्टी याला पुरते. मग कठीणपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. यानंतर राहिलेला अर्धा मिलिमीटर घासून धार आणायची असते, आणि या शेवटच्या टप्प्यावर सगळ्यात जास्त सुऱ्या बिघडतात.

घासताना पोलाद तापते. धार पातळ असल्यामुळे उष्णता तिथेच साठते. आधी पोलादावर गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा. मोरपिसासारखा हा निळा रंग दिसायला सुरेख, पण तो दिसला म्हणजे त्या जागेचा कठीणपणा गेला. रंग घासून काढता येतो, गेलेला कठीणपणा येत नाही. सुरी कितीही पाजळली तरी तेवढीच जागा दोन दिवसांत बोथट होते. म्हणून कारागीर पाते उघड्या बोटांनी धरतात आणि दर फेरीनंतर पाण्यात बुडवतात. बोटाला चटका बसू लागला की पात्याला विश्रांती द्यायची. याला हातमोजे चालत नाहीत. शिवाय धावत्या पट्ट्यात मोज्याचे टोक सापडले तर बोटासकट आत ओढले जाते. सैल बाही, ओढणी, पदर, गळ्यातली साखळी यांनाही या यंत्राजवळ मज्जाव हवा, आणि डोळ्यांवर चष्मा तर हवाच हवा.

शेफील्डचे घासणारे

धारेच्या या धंद्याने माणसांचे किती जीव घेतले, याची नोंद इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात सापडते. इंग्रजी अमदानीत शेफील्डचे चाकू आणि कात्र्या आपल्याकडेही येत असत. हे शहर चौदाव्या शतकात चॉसरच्या काव्यातही सुरीसाठी ओळखले जात होते. तिथल्या कारागिरांचा संघ १६२४ मध्ये स्थापन झाला, आणि न गंजणारे पोलाद हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये याच शहरात तयार केले.

तिथे बेल्ट नव्हता, वाळूच्या दगडाची मोठमोठी चाके होती. डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांवर पाणचक्क्या बसवून ती फिरवली जात. घासणारा कामगार लाकडी घोडीवर बसून दगडावर ओणवा होई आणि पाते दाबून धरी. जिग वगैरे काही नाही. कोन धरायचा तो गुडघे, कोपर आणि लहानपणापासूनची सवय यांच्या जोरावर. कधी दगडच फुटे आणि माणूस जागच्या जागी जाई. पण खरा काळ होता धूळ. सुऱ्या ओल्या दगडावर घासत, त्यामुळे थोडी धूळ पाण्यात बसे. काटे मात्र कोरड्या दगडावर घासत. त्या दगडाची गारगोटीची धूळ छातीत जाऊन फुप्फुसे निकामी होत. शेफील्डचे डॉक्टर अर्नोल्ड नाइट यांनी १८३० मध्ये या रोगावर लिहिले. फ्रीडरिक एंगल्स यांनी १८४५ च्या आपल्या पुस्तकात डॉ. नाइट यांच्याच आधाराने नोंदवले आहे, की कोरडे घासणाऱ्याचे आयुष्य सरासरी जेमतेम ३५ वर्षे आणि ओले घासणाऱ्याचे क्वचितच ४५ च्या पुढे.

याहून अंगावर काटा आणणारी गोष्ट पुढे आहे. धूळ ओढून घेणारी साधने तेव्हाही सुचवली गेली होती. काही कामगारांनीच ती नाकारली, कुठे कुठे मोडूनही टाकली. धंदा सुरक्षित झाला तर आणखी माणसे येतील आणि मजुरी पडेल, असे त्यांना वाटे. थोडे जगू, पण पोटभर खाऊन जगू, असा तो हिशेब होता. पुढे कायदे आले, नैसर्गिक दगडाच्या जागी कृत्रिम दगडाची चाके आली आणि हा रोग मागे हटला. तिथली पाण्यावर चालणारी जुनी 'शेफर्ड व्हील' कार्यशाळा आता दुरुस्त करून लोकांना पाहण्यासाठी ठेवली आहे. तिथे दगड फिरताना पाहून मुले टाळ्या वाजवतात.

आपल्याकडे मात्र हा रोग इतिहासजमा झालेला नाही. गुजरातेत खंबातला अकीकाचे खडे घासणाऱ्या कारागिरांच्या छातीत तीच गारगोटीची धूळ साठते. हौसेच्या बेल्ट ग्राइंडरवर वाळूचा दगड नसतो हे खरे, पण पोलादाची बारीक भुकटी आणि मुठीसाठी घासलेल्या लाकडाची किंवा फायबरची धूळ हवेत तरंगतच असते. नाकाला नुसता रुमाल बांधून ती थांबत नाही. त्यासाठी गाळणी असलेला चांगला मास्क लागतो. ठिणग्या झेलायला खाली पाण्याची बादली ठेवावी. लाकडाचा भुसा आणि ठिणग्या एकाच पिशवीत गोळा केल्या तर आग लागते, हेही ध्यानात ठेवलेले बरे. आणि घरातल्या लहान मुलांना त्या खोलीत काम संपल्यावरही लगेच सोडू नये.

दारावरचा धारवाला

सगळ्यांना काही सुऱ्या बनवायच्या नसतात. पण ज्यांच्या घरी सुरी आहे, त्या सगळ्यांना धार लावावीच लागते. सायकलच्या पायडलवर दगडाचे चाक फिरवणारा धारवाला अजून काही गल्ल्यांत हाक देत येतो. शस्त्रांना सैकल, म्हणजे चकाकी आणि धार, देणाऱ्यांना आपल्याकडे शिकलगार म्हणत. आज ते कित्येकांचे आडनाव आहे. या माणसाकडे जिग नसते. अंगठा हीच त्याची जिग. चांगला धारवाला सुरी दोन्ही बाजूंनी मोजून सारखी फिरवतो. घाईतला मात्र ज्या बाजूने हात सोपा पडतो तीच बाजू जास्त घासतो. वर्षानुवर्षे असे झाले की चांगली सुरीही एका अंगाने कलंडते आणि भोपळ्यात वाकडी जाऊ लागते. त्याला मध्ये मध्ये पाते पाण्यात बुडवायला सांगावे. धारेवर निळसर डाग दिसला, तर तिथपर्यंतचे पोलाद काढून टाकल्याशिवाय ती धार टिकणार नाही.

घरी दगडावर धार लावायची असेल, तर कोन धरण्याची एक सोपी रीत आहे. सुरीचे पाते ४० मिलिमीटर रुंद असेल आणि तिची पाठ दगडापासून १० मिलिमीटर उचलून धरली, तर धार जवळपास १५ अंशांवर टेकते. पाठ १४ मिलिमीटर उचलली, तर कोन २० अंशांचा होतो. पातळ सुरीला पहिला कोन चांगला, नारळाच्या वाटीशी झटणाऱ्या राकट सुरीला दुसरा. नाणी एकावर एक रचून तेवढी उंची एकदा डोळ्यांत भरून घ्यावी. धारेवर मार्करचा काळा रंग लावावा आणि दोन-चार वेळा घासून पाहावे. रंग धारेच्या अगदी कडेपर्यंत निघाला तर कोन बरोबर. कडेला काळी रेघ उरली तर पाठ थोडी आणखी उचलावी. एका बाजूने घासत राहिले की दुसऱ्या बाजूला बारीक उलटी कड येते. पाठीकडून धारेकडे हलकेच बोट सरकवले की ती नखाला अडकते. टाचेपासून टोकापर्यंत ती जाणवली, म्हणजे त्या बाजूचे काम झाले. मग सुरी उलटवावी आणि तेवढेच दुसऱ्या बाजूने करावे. शेवटी दोन्ही बाजूंनी आलटून पालटून हलके हात फिरवून ती कड उतरवावी.

झाल्यावर सुरी दिव्याखाली धार वर करून धरावी. जिथे प्रकाशाचा चमकता ठिपका दिसेल, तिथे ती अजून बोथट आहे. ठिपके दिसेनासे झाले की पिकलेला टोमॅटो घ्यावा आणि सुरी न दाबता नुसती ओढावी.